डाव्या हाताची टाकी

केजच्या बसस्थानकात सकाळची गाडी लागली, की कंडक्टर आधी दारातून डोकं बाहेर काढायचा आणि बाकड्यावरच्या म्हातारीला हाक द्यायचा, "काय आज्जी, आज कुनाची कबर?"

"तुझी न्हाई बाबा, बस निवांत," असं म्हणून चतुराबाई दांड्याला धरून वर चढायची. नवखे प्रवासी दचकून बघायचे. ओळखीचे हसायचे.

आता हसण्यासारखं होतंच म्हणा. पंचाहत्तरी पुरी झाली आणि एसटीचा प्रवास फुकट झाला, तशा केजच्या सगळ्या म्हाताऱ्या कुणी तुळजापूरला, कुणी शेगावला, कुणी नुसत्याच लेकीकडं पळाल्या. चतुराबाईनं मात्र पिशवीत भाकरी, ठेचा, पाण्याची बाटली आणि आधार कार्ड टाकलं आणि महाराष्ट्रातल्या जुन्या कबरी बघायला निघाली. जिथं महाराष्ट्र अपुरा पडला तिथं तिकीट काढून कर्नाटकातही शिरली. पिशवीच्या तळाला फडक्यात गुंडाळलेली छिन्नी आणि हातोडी असायची, ती वेगळीच. ती नसली तर तिला म्हणे एक खांदा हलका हलका वाटायचा.

सून वनिता कपाळाला हात लावायची. "आत्या, अवो देवाला जावा की. कबरस्तानं कावून हिंडता?"

"देव कुटं पळून चाललाय का? तो हाय तितंच ऱ्हातुय. मला सापडायचंय ते दुसरंच हाय."

काय सापडायचं होतं ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळ्यांना ते खूळ वाटत होतं. चतुराबाईला तिच्या बापाची कबर सापडायची होती.

चतुराबाई जातीनं वडार, कामानं टाकीवाली. जात्यावर, पाट्यावर रोज वाटून-दळून दगड गुळगुळीत होतो आणि धान्य नुसतं घसरत राहतं. मग त्याच्यावर छिन्नीनं बारीक बारीक ठोके देऊन तो पुन्हा खरखरीत करावा लागतो. त्या ठोक्यांना टाकी म्हणायचं. "जात्याला टाकीऽऽ, पाट्याला टाकीऽऽ" करत तिनं चाळीस वर्षं नेकनूरपासून कड्यापर्यंत गावं पालथी घातली. पुढं घरोघर मिक्सर आले आणि हाक ऐकून दाराबाहेर येणाऱ्या बायका कमी कमी होत गेल्या. मग तिनं ओरडणं थांबवलं. हात मात्र थांबले नाहीत. समोर दगड दिसला की पंजा आपोआप त्याच्यावर जायचा.

हे काम तिच्या बापाचं. बाप डावखुरा होता. हातोडी डाव्या हातात, छिन्नी उजव्या हातात. त्यामुळं झालं होतं काय, सगळ्या वडारांच्या टाकीच्या रेघा एका अंगाला कललेल्या, तर ह्याच्या दुसऱ्या अंगाला. बाया ते ओळखायच्या. "हे डावऱ्याचं काम," असं म्हणायच्या. चतुरा सात वर्षांची होती तेव्हा चार बिऱ्हाडं आणि तीन गाढवं घेऊन ते कुठल्याशा गावाला पोचले, एका मोठ्या भिंतीच्या आडोशाला पालं ठोकली आणि बापाला ताप भरला. तिसऱ्या दिवशी माणूस संपला. त्यांच्यात पुरायची रीत. भिंतीच्या बाहेर, तिथंच खड्डा काढला. बाप एक नवं जातं करत होता. जात्याच्या दोन गोल दगडांतली खालची तळी झाली होती, वरची राहिली होती. आईनं आणि मावशीनं ती तळी लोटत लोटत नेली आणि मातीवर ठेवली. दुसरं होतं काय त्यांच्याजवळ? आणि उजाडायच्या आत पालं उठली.

पण त्या बिऱ्हाडांची एक रीत होती, आणि ह्या रीतीनंच सगळा घोळ केला. ज्या गावात माणूस मातीत ठेवलं, त्या गावाचं नाव पुन्हा तोंडातून काढायचं नाही. तिथं पुन्हा काम मागायला जायचं नाही. आईनं ही रीत मरेपर्यंत पाळली. शेवटच्या आजारपणात चतुराबाईनं तिचे पाय धरले, "आये, सांग की गं, कुटं ठिवलं आबाला?" तर म्हातारीनं स्वतःच्या तोंडावर हात दाबून धरला आणि भिंतीकडं कूस केली. एवढं धड नाव सांगितलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं!

चतुराबाईजवळ उरलं होतं ते सात वर्षांच्या पोरीच्या डोळ्यातलं. एक उंच भिंत. भिंतीच्या आत चार खांब आणि वर घुमट असलेली कबर, आभाळाला टेकलेली. आणि आणखी एक गोष्ट, दोन्ही हात पसरून उभा राहिलेला दगड. ही गोष्ट तिनं कुणाला सांगितली नव्हती, कारण तिला ते बापाच्या मरणाच्या धसक्यात पडलेलं स्वप्न वाटायचं.

केजमध्ये मोहनराव म्हणून निवृत्त गुरुजी होते. ते इतिहास शिकवायचे. चतुराबाई एक दिवस त्यांच्या ओट्यावर जाऊन बसली आणि म्हणाली, "गुरुजी, ज्यांच्यावर आभाळाएवढा घुमट हाय अशा कबरी कुटं कुटं हायत ते मला कागदावर लिवून द्या. वाचता येत न्हाई, पर दुसऱ्याकडून वाचून घीन." गुरुजींनी चष्मा पुसला आणि यादी लिहून दिली.

पहिल्यांदा ती बिदरला गेली. तिथं अष्टूरला सुलतानांच्या कबरी ओळीनं उभ्या आहेत. त्यातल्या एकीवर वीज पडून अर्धा घुमट खाली आलेला. भाकरी मोडावी तसा मोडलाय. त्या मोडलेल्या जागेतून भिंतीची जाडी दिसते, आणि ती बघून चतुराबाई मटकन खालीच बसली. दगडकाम तिला कळत होतं ना! एवढ्या जाडीवर एवढा भार तोलायचा, त्यातला अर्धा कोसळल्यावर उरलेल्या अर्ध्यानं शेकडो वर्षं तसंच उभं राहायचं, हे कुण्या हातांनी केलं असेल? ती तोंडाला पदर लावून तासभर बघत राहिली. राखणदार ओरडला, "ओ मावशी, हात नका लावू!" तशी ही फणकारली, "आमच्यासारख्यांच्याच हातांनी झालंय ते. आमीच हात लावायचा न्हाई व्हय?"

मग खुलताबाद. तिथं मलिक अंबरची कबर. हबशांच्या मुलखातून बाजारात विकत आणलेलं पोर पुढं वजीर झालं, हे तिथल्या एका माणसानं सांगितलं तेव्हा तिचा विश्वासच बसेना. "आईबापापासून तोडून आनलेलं लेकरू?" तिनं दोनदा विचारलं. "आन् त्याच्यासाटी एवढी कबर?" मग ती उठली, पाणी शिंपडावं म्हणून बाटली काढली आणि पायरीवर थोडं शिंपडलं. का शिंपडलं, तिला सांगता आलं नसतं.

विजापूरला सोलापुरावरून गेली. गोलघुमटाच्या पायऱ्या चढताना सात ठिकाणी बसली. वर पोचली, आत डोकावली आणि तिचं काळीजच हललं. खाली माणसं मुंग्यांएवढी. वर घुमट, मधे एक खांब नाही. पोरंटोरं ओरडत होती आणि त्यांचा आवाज फिरून फिरून येत होता. चतुराबाई गर्दी ओसरेपर्यंत कोपऱ्यात थांबली आणि मग भिंतीला तोंड लावून हळूच म्हणाली, "आबा." तर घुमट म्हणाला, आबा, आबा, आबा, आबा. एकोणसत्तर वर्षांनी तिनं ती हाक मारली होती आणि ती हाक संपतच नव्हती. ती भिंतीला टेकून ढसाढसा रडली. खाली उतरली तेव्हा मात्र तिला ठाम कळलं होतं की ही ती जागा नव्हे.

दोन वर्षांत अशा अकरा जागा झाल्या. प्रत्येक ठिकाणी भिंतीच्या बाहेरून एक फेरी, जमिनीतले दगड उलटे-पालटे करून बघायचे, मग आत जाऊन तोंडात बोट घालून उभं राहायचं. तिचा मुलगा हनुमान फरशीचं काम करतो. तो एकदा वैतागून म्हणाला, "आये, राजा-बादशहांच्या शेजारी आपला आज्जा कशाला पुरला आसंल? लोक मला इचारतेत, तुजी आई येडी झाली का म्हून."

"सांग त्यांना, व्हय म्हून," ती म्हणाली. पण रात्री तिला जेवण गेलं नाही, कारण पोराचं म्हणणं खोटं नव्हतं.

गंमत पुढंच आहे. छत्रपती संभाजीनगरला मकबरा बघायला गेली, तेव्हा रिक्षावाल्यानं छावणीकडून रिक्षा घातली. एका जुन्या भिंतीच्या फाटकातून तिला दिसलं आणि ती एवढ्या मोठ्यानं ओरडली की रिक्षा थांबलीच. आत दोन्ही हात पसरून उभा राहिलेला दगड होता. एक नाही, पंधरा-वीस! ते गोऱ्या लोकांचं कबरस्तान होतं. क्रूस म्हणतात त्याला, रिक्षावाल्यानं सांगितलं. आणि त्यांच्यात मधेच चार खांबांवर घुमट असलेली एक कबर. म्हणजे ते स्वप्न नव्हतं. दोन वर्षं ती भलत्याच लोकांच्या कबरी धुंडाळत होती. हे कबरस्तान तिच्या आठवणीतलं नव्हतं, रस्ता वेगळा, भिंत वेगळी. पण जात तीच.

ती तशीच मोहनराव गुरुजींकडं. गुरुजींनी कपाळ बडवून घेतलं. "अहो बाई, हे आधी का नाही सांगितलंत? निजामाच्या राज्यात गोऱ्या अंमलदारांच्या पलटणी असायच्या. आपल्याकडं त्यांच्या छावण्या होत्या औरंगाबादला, जालन्याला, हिंगोलीला आणि मोमिनाबादला."

"मोमिनाबाद?" चतुराबाई ओट्यावरून अर्धी उठली. "मंजी आपलं आंबेजोगाई?"

"दुसरं कुठलं?"

आंबेजोगाई! केजपासून तासाभरावर. लहानपणी त्यांची बिऱ्हाडं त्या गावाला कधी वळली नाहीत. चुलते म्हणायचे, तिकडं दुसऱ्यांचा हक्क आहे. लग्न होऊन केजला आल्यावर योगेश्वरीच्या दर्शनाला ती दहा वेळा तरी गेली होती. बसस्थानक ते देऊळ, देऊळ ते बसस्थानक. एकदाही कुणी तिला सांगितलं नाही आणि तिनं कुणाला विचारलं नाही.

आता एखादी असती तर त्याच पावली आंबेजोगाईची गाडी धरली असती. चतुराबाई दुसऱ्या दिवशी जालन्याला गेली! पुढच्या आठवड्यात हिंगोलीला. दोन्हीकडं काही नव्हतं. गुरुजी रागावले, "अहो, दारातलं सोडून कुठं भटकताय?"

"भ्या वाटतंय गुरुजी," ती म्हणाली. "तितंबी न्हाई सापडलं तर मग म्या कुटं जाऊ?" गुरुजींनी तिला चहा पाजला.

शेवटी माघातल्या एका सकाळी ती गेली. रिक्षावाल्याला ठिकाण माहीत नव्हतं. विचारत विचारत दोघं वस्तीच्या टोकाला पोचले. अर्धी ढासळलेली भिंत, आत बाभळी, वाढलेलं गवत, त्यात कललेले क्रूस. आणि त्यांच्या मधोमध ती. चार खांब आणि वर घुमट. चतुराबाई जवळ गेली. जवळ गेल्यावर तिनं हात वर केला, तर हात घुमटाच्या कडेला लागला.

"एवढीशीच?" ती मोठ्यानं म्हणाली. आणि तिला हसू आलं, डोळ्यातून पाणी यायला लागलं तरी हसूच येत राहिलं. आभाळाला टेकलेली म्हणे! सात वर्षांच्या पोरीचं आभाळ ते केवढं असणार! त्या बिचाऱ्या चार खांबांपायी तिनं सुलतानांची दारं ठोठावली होती. तिनं खांबाला मिठी मारली.

मग भिंतीच्या बाहेर गेली. आणि तिथं तिचं अवसान गळालं. भिंतीला लागून घरं झाली होती. पत्र्याची, विटांची, मोरी, न्हाणी, कपड्यांच्या दोऱ्या. दोन फेऱ्या मारल्या. एक एक दगड हातानं चाचपला. जात्याची तळी कुठंच नव्हती. ऊन डोक्यावर आलं, तेव्हा एका घराच्या ओट्यावर ती बसली आणि पाणी मागितलं.

घरात लग्नाची गडबड दिसत होती. साठीची एक बाई तांब्या घेऊन बाहेर आली. रतनबाई तिचं नाव. "मावशी, कोन गावच्या? काय हुडकताय एवढ्या उन्हात?"

"केजची हाय बाई. टाकीवाली हाय मी, वडाराची," चतुराबाई म्हणाली. बाकीचं सांगायला तिच्यात जीव नव्हता.

"आगं बया! टाकीवाली?" रतनबाई खालीच बसली. "देवानंच धाडलं की तुमाला! परवा माज्या नातीची हळद हाय, वैष्णवीची. जातं पार गुळगुळीत झालंय, हळकुंड नुसतं निसटतंय. कुटं टाकीवाली मिळंना. छिन्नी हाय का संगं?"

छिन्नी होती. चतुराबाई उठली. नाही म्हणायची सवयच नव्हती तिला. परसात जातं होतं, हळदीकुंकवाच्या पुटांनी माखलेलं. तिनं वरची तळी उतरवली. खालची आरशासारखी झाली होती. "वरची तळी येगळ्या दगडाची दिसतीय," ती म्हणाली, आणि बूड नीट बसावं म्हणून खाली पोतं सारायला तिनं खालची तळी तिरकी केली. पंजा कडेवरून फिरला आणि थांबला. तिनं पदरानं कड पुसली. पुन्हा पुसली. बाहेरच्या अंगावर जुन्या टाकीच्या रेघा होत्या, बारीक, एकसारख्या. आणि त्या उलट्या अंगाला कललेल्या होत्या.

"मावशी? ओ मावशी, काय झालं?" रतनबाई घाबरली. चतुराबाई दगडावर गाल ठेवून पडली होती.

सगळं सांगायला वेळ लागला. ऐकता ऐकता रतनबाईचा चेहरा पांढरा पडत गेला. "बया, बया, बया! मयतावरचा दगूड? आन् आमी त्याच्यावर दळून खाल्लं? माज्या सासूनं आनलाय हो, छबुबाईनं. म्या नवी नवरी हुते, म्याच लोटू लागले संगं. सासू म्हनली, बघ कुन्या येड्यानं एवढी कोरी तळी फेकून दिली. आमाला काय ठावं मावशी, तुमच्यात आसं ठिवतेत म्हून!"

"कुटून लोटत आनली?"

रतनबाईनं हात लांब केला. परसाच्या टोकाला, भिंतीच्या पायाशी शेवगा उभा होता. शेंगांनी लगडलेला. "तितं माती भुसभुशीत हुती, म्हून सासूनं त्यो शेवगा लावला. सगळी गल्ली नेतीय शेंगा."

चतुराबाई त्या झाडाकडं चालत गेली. बुंध्याशी बसली आणि तिनं मातीवर डोकं टेकवलं. किती वेळ ते कुणी बघितलं नाही. रतनबाई मागं उभी राहून पदर चावत रडत होती. मग म्हणाली, "मावशी, उचला तुमचा दगूड. आत्ताच ठिवू तितं. पोराला हाक मारते. मी दुसरं जातं बघते."

चतुराबाईनं डोळे पुसले. "किती लग्नं झाली ह्या जात्यावर?"

"आता ते कसं सांगू? माज्या दिरांची, माज्या लेकरांची. आन् हळदीला गल्लीतलं हेच एक जातं, सगळे नेतेत. चाळीस-पन्नास तर झालीच आसतील की. दर येळंला धुऊन, हळदकुंकू लावून, पाया पडून."

"पाया पडून?"

"मंग? जात्याची पूजा केल्याबिगर हळद कशी दळायची?"

चतुराबाईनं मागं वळून जात्याकडं बघितलं. तिच्या डोळ्यापुढं काय काय येऊन गेलं असेल, बिदरचा घुमट, खुलताबादची पायरी, तिथली शांतता. मग ती उठून जात्याजवळ येऊन बसली. "ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "आईनं ठिवली ती खूण म्हून. पर आबानं केलती ती दळायलाच केलती. बस हितं, तोंडावर पदर घे, कपच्या उडतेत."

आणि तिनं हातोडी डाव्या हातात घेतली. आयुष्यात पहिल्यांदा. ठोके चुकत होते, दोनदा बोटावर बसले. उजव्या हातानं तासाभरात उरकलं असतं ते काम संध्याकाळपर्यंत चाललं. रतनबाई म्हणाली, "मावशी, उजव्या हातानं घ्या की." तिनं मान हलवली. रेघा त्याच अंगाला जायला हव्या होत्या.

हळदीला रतनबाईनं बजावून बोलावलं होतं. चतुराबाई आली आणि तिच्या मागून हनुमान आला, नवीन सदरा घालून. तो आधी शेवग्याजवळ जाऊन आला. आत पाच सवाष्णी जात्याभोवती बसल्या होत्या. चतुराबाई विधवा बाई, ती रीतीप्रमाणं उंबऱ्याच्या बाहेर थांबली. रतनबाईनं जात्याला हळदकुंकू लावलं, हळकुंडं टाकली आणि आवतणाच्या ओव्या धरल्या. आधी गणपतीला बोलावलं, मग योगेश्वरीला, मग खंडोबाला. मग घरातल्या गेलेल्या माणसांना, सासऱ्याला, छबुबाईला. एवढ्यावर ओव्या संपायच्या. पण रतनबाई थांबली आणि तिनं दाराकडं बघितलं.

"मावशी, तुमच्या वडलांचं नाव काय?"

ते नाव तिनं शेवटचं कधी घेतलं होतं तेही तिला आठवेना. हनुमाननं तिचा खांदा धरला.

"सटवा," ती म्हणाली.

रतनबाईनं खुंट्याला हात घातला आणि सटवाला लग्नाचं आवतण दिलं. सगळ्या बायांनी ते नाव मागून म्हटलं आणि जातं फिरायला लागलं.